रिकाम्या जागेचं शिसं

नवं त्रैमासिक काढायचं ठरलं तेव्हा माझ्या वाट्याला तीन कामं आली: वर्गणीदारांची वही, पोस्टाच्या खेपा आणि संपादक मंडळाचे परिचय. पहिल्या दोन कामांची धास्ती नव्हती. बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला वही आणि पोस्ट यांचं काय भय! परिचयांचंही काही वाटलं नव्हतं, कारण मराठीत परिचयाचा साचा तयार मिळतो. जन्मगाव, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार, 'अनेक संस्थांशी निगडित' आणि शेवटी 'संप्रति'. कथा विभाग पाहणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी तर आपला परिचय स्वतःच लिहून धाडला, दोन पानी. तो कापण्यात एक संध्याकाळ गेली. अडलो ते कविता विभागापाशी.

हा विभाग पाहणाऱ्या ताईंचा एकही संग्रह नाही. पुरस्कार नाही. शिक्षण बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत, तेही परीक्षेला न बसता. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "शाळेतली सांगू की खरी?" फोटोला साफ नकार. "माझा फोटो पाहून कोणी बरी कविता लिहिणार आहे का, भाऊ?"

दीडशे शब्द हवे होते. शनिवारपर्यंत.

ताई जुळारी होत्या. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात त्या अठराव्या वर्षी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागल्या. पुढे खिळे गेले, संगणक आला, तेव्हा त्याच मालकाकडे डीटीपी करू लागल्या. सोसायटीचे अहवाल, बाजार समितीच्या पावत्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पुण्यस्मरणाची कार्डं आणि हंगामात लग्नपत्रिका. पत्रिकेच्या तळाशी 'किलबिल' म्हणून पोरांची नावं असतात आणि वर चार ओळी, काकाच्या नाहीतर मावशीच्या लग्नाला यायचं आग्रहाचं आमंत्रण. त्या ओळी अनेकदा ताईंनीच रचलेल्या असत. यजमान घाईत असायचे, "तुम्हीच टाका काहीतरी" म्हणून निघून जायचे. "माझ्याइतक्या प्रती तुमच्या मंडळात कोणाच्या निघाल्या असतील तर सांगा," असं त्या मंडळाच्या पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या. प्राध्यापक मित्रांना ते फारसं रुचलं नव्हतं.

त्यांचं नाव सुचवलं आमच्या मुख्य संपादकांनी. त्यांचा पहिला संग्रह, पदरचे पैसे घालून काढलेला, ताईंनीच जुळवला होता. प्रूफ आलं तेव्हा एका कवितेतली एक ओळ कमी होती. संपादक तेव्हा तरुण, रक्त गरम. तणतणत छापखान्यात गेले. ताई खिळ्यांच्या खणांपुढून न हलता म्हणाल्या, "तीच ओळ तुम्ही दोनदा लिहिली होती. मला वाटलं चुकून झालं, मी एकदाच जुळवली." ती पुनरुक्ती कवीनं मोठ्या विचारानं केलेली होती. घरी जाऊन त्यांनी दोन्ही तऱ्हांनी कविता वाचून पाहिली. संग्रहात ती ओळ एकदाच आहे.

प्राध्यापक मित्रांचा आक्षेप मात्र सरळ होता: कविता विभागाला कवी नको का? आक्षेप खोटा नव्हता. माझ्याही मनात तोच होता, फक्त तो त्यांनी बोलून दाखवला आणि मी चहा मागवला.

मग ताईंनी जे सांगितलं ते मी तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं. खिळ्यांच्या जमान्यात कविता जुळवायला आली की जुळाऱ्याला बरं वाटायचं. अर्धं पान रिकामं, मजुरी पूर्ण पानाची. पण हे रिकामं पान फुकट मिळत नसे. कागदावर जे पांढरं दिसतं ते खिळ्यांच्या छपाईत धातूनंच भरावं लागतं. ओळ अर्ध्यात सोडली तर उरलेल्या अर्ध्यात ठोकळे बसवायचे, दोन कडव्यांमध्ये पट्ट्या घालायच्या, नाहीतर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, आवळताना सगळा मजकूर ढिला होऊन खाली यायचा. खिळे काय आणि ठोकळे काय, दोन्ही शिसं, कथील आणि अँटिमनीचेच. फरक एवढाच, की ठोकळ्यांची उंची कमी, म्हणून त्यांना शाई लागत नाही. "रिकामी जागाही शिशाचीच असते, भाऊ. तीही उचलून ठेवावी लागते. कवीनं उगाच ओळ तोडली असेल तर ते बोटांना कळायचं. आता काय, एंटर दाबला की झाली कविता."

यानंतर बैठकीत कोणी काही बोललं नाही. शेवभाजी आली होती हेही एक कारण.

घरी परतताना मात्र मी हिशेब मांडू लागलो, की आमच्या या मुलखात कवितेच्या संपादकाची परंपरा तशी थोडीथोडकी नाही. जळगावात १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस, म्हणजे नानासाहेब फडणीस, यांनी 'काव्यरत्नावली' सुरू केलं. निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक, आणि तेही पुण्या-मुंबईहून नव्हे. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची फाळणी व्हायची होती १९०६ साली. केशवसुत त्या काळात लिहीत होते, आणि पुढे शिक्षकाच्या नोकरीत ते फैजपूरला येऊनही राहिले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथं उभा राहिला, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ते नाव त्याला असं चिकटलं की ठोमरे आता पाठ्यपुस्तकातल्या कंसापुरते उरलेत. पुढे १९८५ मध्ये शेजारच्या धुळ्यात पुरुषोत्तम पाटलांनी 'कवितारती' हे द्वैमासिक काढलं, तेही फक्त कवितेसाठी. दोघांच्या आरंभात ९८ वर्षांचं अंतर. ज्या भागाची ओळख कापूस, केळी आणि वांग्याचं भरीत यापलीकडे सहसा जात नाही, त्या भागानं दोन वेळा असा उद्योग करावा, याचं मला कौतुक वाटतं. ते परिचयात कुठंतरी घालावं असाही बेत होता. आपल्या ताई या मालिकेतल्या तिसऱ्या, वगैरे.

हे मी फोनवर ताईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि बहिणाबाई?"

मी म्हटलं, बहिणाबाई काही संपादक नव्हत्या.

"तेच म्हणते. त्या जळगावातच होत्या ना?"

फोन ठेवल्यावर सालं पुन्हा लावून पाहिली. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, असोद्याचा. 'काव्यरत्नावली'चा पहिला अंक निघाला तेव्हा त्या सात वर्षांच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या आणि जन्मभर तिथंच राहिल्या. म्हणजे ज्या गावात दूरदूरच्या कवींच्या कविता टपालानं येत होत्या, निवडल्या जात होत्या, छापल्या जात होत्या, त्याच गावात एक बाई जात्यावर, शेतात, चुलीपुढं गात होती. वर्षानुवर्षं. आणि ती कविता संपादकाच्या टेबलावर पोचली नाही, कारण ती कुणी पाठवलीच नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. यात नानासाहेबांचा काय दोष? काहीच नाही. जे आलं नाही ते कोण कसं नाकारणार?

पण छापखाना बहिणाबाईंना ठाऊक होता. छापखान्यावर त्यांची एक अख्खी कविता आहे. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र येडाच राहतो, असा तिचा रोख. बाईनं यंत्र पाहिलं, कागद पाहिला, त्यातली गंमतही नेमकी पकडली. तिची स्वतःची कविता त्या यंत्राखाली जायला मात्र तिच्या मरणानंतरचा दिवस उजाडावा लागला. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि एका नातलगानं तिची गाणी वहीत उतरवून ठेवली होती. ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, त्यांनी तिला बावनकशी सोनं म्हटलं, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. घरात कवी मुलगा नसता तर? हा प्रश्न मराठीत पुष्कळांनी विचारलाय, मी नव्यानं विचारतोय असं नाही. संपादकाच्या बाजूनं मात्र मी तो कधी पाहिला नव्हता. आमचा सगळा वाद आलेल्या कवितांचा. काय निवडलं, काय परत केलं, कोणाची ओळ कापली. 'सत्यकथा' मासिकाच्या काटेकोर संपादनाचे दाखले देणारे आणि १९६९ मध्ये त्याच 'सत्यकथे'चा अंक जाळणारे, दोघांचंही भांडण शेवटी संपादकाच्या टेबलावरचंच. टेबलापर्यंत न आलेल्याचं कोणी नाव काढत नाही.

पुढच्या बैठकीला ताई एक अट घेऊन आल्या. प्रत्येक अंकात दोन पानं अशा कवितेसाठी राखायची, जी आपण होऊन येणार नाही. ती त्या स्वतः जाऊन ऐकून, लिहून आणतील.

"म्हणजे लोकसाहित्य," प्राध्यापक मित्र म्हणाले. "चांगली कल्पना आहे. शेवटी एक सदर करू."

"लोकसाहित्य नाही," ताई म्हणाल्या. "लोकसाहित्य म्हटलं की बाईचं नाव लिहावं लागत नाही."

माझ्या वहीत त्या दिवसाच्या इतिवृत्तात एवढंच एक वाक्य आहे. बाकी काय ठरलं ते मला संपादकांना विचारून भरावं लागलं. वादही झाला म्हणा. प्राध्यापकांचा मुद्दा असा, की जात्यावरची ओवी एका बाईची नसते. ती तिच्या आईकडून, सासूकडून आलेली असते, तिच्यावर एकाच बाईचं नाव घालणं हेही एक प्रकारचं खोटंच. हे बरोबर आहे. ताईंनीही ते मान्य केलं. पण त्यांचं म्हणणं, कोणतं आईचं आणि कोणतं तिचं हे त्या बाईलाच विचारू, ती सांगेल. आपण तिला न विचारताच 'पारंपरिक' लिहून मोकळे होतो. दोन पानं मंजूर झाली. अंकात कुठं, हे ठरायचं राहिलं.

कविता कुठं लावायची हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. आपल्याकडे मासिकांत कवितेचा एक उपयोग पिढ्यान् पिढ्या झाला, त्याला 'पानपूरक' म्हणतात. कथा संपली, खाली अर्धं पान उरलं, टाका एक कविता. ताईंनी अशा कितीतरी बसवल्या असतील. जागा कमी पडली तर छापखान्याचे मालक सांगायचे, एक कडवं उडवा. "कोणतं उडवायचं ते मीच ठरवायची. कवीला कळायचंसुद्धा नाही." हे त्यांनी हसत सांगितलं, पण लगेच म्हणाल्या, "पाप आहे ते. लिहू नका परिचयात." (परिचयात लिहिलं नाही.) अर्थात पानपूरक न करताही कविता मागं पडू शकते. शिकागोत हॅरिएट मन्रो या बाईंनी १९१२ साली 'पोएट्री' हे मासिक काढलं. शंभर जणांकडून वर्षाला पन्नास डॉलर, असं पाच वर्षांचं वचन आधी घेतलं आणि मगच अंक काढला. आमच्या वर्गणीच्या वहीपुढं बसून हे आठवलं की मला त्या बाईंचा हेवा वाटतो. तर टी. एस. एलियटची ज्या कवितेनं ओळख झाली, ती त्यांच्याकडे १९१४ मध्ये आली. त्यांना ती फारशी पसंत नव्हती. कवी एझरा पाउंड पत्रांमागून पत्रं लिहून भांडला, तेव्हा कुठं जून १९१५ च्या अंकात ती छापली गेली, तीही मागच्या बाजूला. बाईंची रुची तोकडी पडली असं म्हणतात. मला वाटतं, नावडती कविता का होईना, छापली ना. आवडीच्या बाहेरचं एक पान प्रत्येक संपादकाला आयुष्यात एकदा तरी छापता यावं. आम्हाला ते जमेल की नाही, पाहू.

आता कविता यायला लागल्या आहेत. येतात कशा, तर बहुतेक व्हॉट्सॲपवर. काही नुसत्या मजकुरात, काही गुलाबाच्या नाहीतर सूर्यास्ताच्या चित्रावर चढवलेल्या, खाली कवीचं नाव आणि मोबाइल नंबर कवितेपेक्षा मोठ्या अक्षरांत. काही जण श्रीलिपी या जुन्या फाँटमधली फाइल पाठवतात. ती युनिकोडमध्ये आणली की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि वेलांट्या विखुरतात. ती दुरुस्ती ताई चष्मा न लावता करतात. खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचण्यात उमेद गेलेल्या बाईला मोडक्या अक्षरांचं काय!

दुरुस्ती झाली की त्या कविता दोनशे पानी वहीत हातानं उतरवतात. प्रत्येक कविता. मी म्हटलं, "ताई, एवढं कशाला? वाचून ठरवा की." तर म्हणाल्या, वाचताना डोळा पुढं पळतो, लिहिताना पळता येत नाही. खिळे राहिले नाहीत, मग हात तरी चालवावा. उतरवता उतरवता मनगटाला कंटाळा आला, की त्या कवितेपुढं पेन्सिलीची आडवी रेघ. कंटाळा आला नाही, तर त्या कवीला फोन करतात आणि कविता मोठ्यानं वाचायला सांगतात. बोदवडकडच्या एका मुलानं बोअरवेलवर अकरा ओळी पाठवल्या होत्या. वाचताना तो भलत्याच ठिकाणी थांबत होता, कागदावर ओळ तुटायची दुसरीकडं. ताई म्हणाल्या, "तुझा श्वास जिथं थांबतो तिथं ओळ तोड ना. कागदाचं कशाला ऐकतोस?" कविता आता नऊ ओळींची आहे. पहिल्या अंकात येईल.

परत जाणाऱ्या कवितांना उत्तर पोस्टकार्डावर. पन्नास पैशांचं कार्ड, आणि ते मी पोस्टातून गठ्ठ्यानं आणतो. 'साभार परत' हे दोन शब्द लिहायचे नाहीत, हा ताईंचा दंडक. "आभार कसले? त्यानं काय आपल्याला जेवायला बोलावलं होतं?" कार्डावर कवितेबद्दलचं एकच वाक्य असतं. एका वडीलधाऱ्या कवींना गेलेलं कार्ड मी टाकण्याआधी वाचलं (सवय वाईट, पण नोकरीतली): 'तुमच्या कवितेत बाप चौदा ओळींत सात वेळा आला आहे, पण तो काय काम करतो ते कळलं नाही.' मला वाटलं, आता वर्गणीदार गेला. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. बाप गिरणीत जॉबर होता, अमळनेरच्या. पत्र चार पानी होतं आणि कवितेपेक्षा कितीतरी चांगलं होतं. ताईंनी त्यातला एक परिच्छेद पेन्सिलीनं चौकटीत घालून ठेवलाय. तो गद्य म्हणून छापायचा की ओळी पाडून, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

परिचय अखेर मी लिहिला. दीडशेऐवजी साठ शब्दांचा झाला. खिळ्यांच्या छापखान्यात इतकी वर्षं, संगणकावर इतकी वर्षं, कविता या पत्त्यावर पाठवाव्यात. मोह झाला म्हणून त्यात 'अक्षरसाधना' असा शब्दही घातला होता. प्रूफ ताईंकडेच गेलं. त्यांनी तो शब्द उडवला आणि समासात लिहिलं, 'मजुरी होती'. साठाचे एकोणसाठ झाले. मी विचारलं, त्या छापखान्यातले खिळे मोडीत निघाले, किलोवर विकले गेले, तेव्हा आठवण म्हणून एखादा ठेवला असेल, तो परिचयाशेजारी फोटोच्या जागी छापू या का? "कशाला ठेवू? शिसं असतं ते. घरात लहान पोरं होती."

फोटोच्या जागी आता काहीच नाही. दीड इंचाची पांढरी चौकट आहे. ऑफसेटवर तिला काही भरावं लागत नाही.

राहिली ती दोन पानं. त्यासाठी मागच्या आठवड्यात आम्ही यावल तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मी गाडी चालवायला, ताई मागं वही घेऊन. तिथली एक आजी वेचणीच्या वेळी स्वतः जोडलेलं गाते, असं ताईंना कोणीतरी सांगितलं होतं. आजी शेतातच भेटली, कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापूस. ताईंनी सगळं नीट सांगितलं: मासिक, दोन पानं, तुमचं नाव घालू. आजीनं ऐकून घेतलं. बोटं थांबली नव्हती. मग विचारलं, "पैसे द्याल का घ्याल?"

"देऊ," ताई म्हणाल्या. आमच्या मंडळात मानधनाचं काही ठरलेलं नाही. मी खाली बघितलं.

"मग आता नको," आजी म्हणाली. "आता बोलले तर हात हळू चालतो. वेचणी उरकली की या."

अंक दिवाळीला निघणार होता. दोन पानांचा फर्मा थांबवून ठेवलाय, आणि वर्गणीदारांना मी तसं कळवलंय.